माळ्यावरची हवाईयन गिटार भंगारात देण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या नाशकातले वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत. माळा रिकामा करताना तांब्याचा बंब, पितळी समई, सागवानी खांब यांची किंमत घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यांच्यासोबत कधीमधी पावणेतीन फुटांची एक चपटी पेटी निघते. आत सहा तारांचे, आखूड आणि आकाराच्या मानाने जड वाद्य असते. त्याच्या तारा पट्टीपासून सेंटिमीटरभर उंच असतात, मान मागून चौकोनी असते आणि पडद्यांच्या जागी नुसत्या रेघा असतात. 'मोडकी गिटार' म्हणून ते किलोवर जाते, नाहीतर मोबाइलवरच्या जाहिरातीत '१९३० ची अस्सल, हवाईत बनलेली' असे बिरुद लावून अवाच्या सवा किमतीला येते. दोन्हीकडे कोणी स्क्रू उघडून आत पाहिलेले नसते. तपासणी तासाभराची आहे आणि घरच्या हत्यारांत होते, म्हणून हे पत्र.

हे वाद्य म्हणजे लॅप स्टील, आपल्याकडच्या बोलीत हवाईयन गिटार. मांडीवर आडवे ठेवायचे, उजव्या हातात नख्या, डाव्या हातात पोलादी दांडी. तारेवर दांडी सरकवण्याची ही पद्धत १८८० च्या दशकात हवाई बेटांवर जोसेफ केकुकू यांनी रूढ केली असे मानतात. १९४० च्या दशकात हवाईचे ताऊ मो आपल्या कुटुंबासह कोलकात्यात राहून वाजवत होते. पुढे व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांनी सिनेमाच्या चाली वाजवून ते घराघरांत नेले, ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर राग मांडले. तेव्हा आपल्या माळ्यावर असे वाद्य निघाले तर नवल नाही. ते कोणते आणि कधीचे, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर नावपट्टीवर शोधणे ही नेहमीची चूक. जमिनीचे खरे-खोटे सातबाऱ्याबरोबर फेरफार पाहिल्याशिवाय कळत नाही, तसेच इथे आहे. साठ-सत्तर वर्षांत कान (तारा पिळायच्या खुंट्या) बदलले जातात, पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा विजेचा भाग) बदलले जातात, पेटी दुसऱ्याच वाद्याची येते. वाद्याला जे भाग कारखान्यातूनच लागले होते, त्यांतला सर्वांत उशिराचा भाग ज्या वर्षाचा, त्याच्या आधी ते वाद्य बनलेले असूच शकत नाही. म्हणून आधी मूळ भाग कोणते ते ठरवायचे, मग वर्ष. उलट्या क्रमाने गेले की हवे ते वर्ष सापडते.

त्याहीआधी वाद्याची जात पाहावी. आपल्याकडे साध्या स्पॅनिश गिटारच्या वरच्या नटावर, म्हणजे डोक्याकडच्या तारांच्या टेकूवर, लोखंडी उंचवटा बसवून हवाईयन वाजवण्याची पद्धत सर्रास होती. अशा गिटारची मान मागून गोल असते, पडदे धातूचे आणि उठावदार असतात, आणि आधी कोणी बोटांनी वाजवली असेल तर पहिल्या तीन-चार पडद्यांमागे लाकडाला खळगे पडलेले दिसतात. ती वाईट नव्हे, पण लॅप स्टील म्हणून तिचे वय काढण्यात अर्थ नाही. पोकळ मानेचे, बिनविजेचे वाद्य निघाले तर ते वाइसेनबोर्न घराण्यातले असू शकते. लॉस एंजेलिसचे हर्मन वाइसेनबोर्न १९३७ साली वारले, आणि त्या आकाराच्या नव्या नकला आजही बनतात. त्यांचा विषय वेगळा. खाली जे लिहिले आहे ते विजेच्या लॅप स्टीलबद्दल.

फूटपट्टी घेऊन नटापासून बाराव्या रेघेपर्यंतचे अंतर मोजा आणि दुप्पट करा. ही तारेची वाजती लांबी. पुष्कळ लॅप स्टीलमध्ये ती साडेबावीस इंच, म्हणजे ५७१.५ मिलिमीटर भरते, तेव्हा बारावी रेघ नटापासून २८६ मिलिमीटरच्या आसपास पडली पाहिजे. पाचवी रेघ लांबीच्या चौथ्या हिश्शावर येते, म्हणजे १४३ मिलिमीटरवर. या दोन रेघा बरोबर आहेत, पण बारावीपासून घोडीपर्यंतचे (तारांच्या खालच्या टेकूपर्यंतचे) अंतर २८६ भरत नाही, असे झाले तर घोडी सरकलेली किंवा बदललेली आहे. रेघाच आपसात जुळत नसतील तर रेघांची पट्टी घरगुती आहे. हे माप लिहून ठेवा, पुढे तारा निवडताना लागेल.

आता नावे. 'ओआहू' हे नाव पाहून हवाईत बनलेले वाद्य समजण्याची चूक वरचेवर होते. ओआहू हे होनोलुलू शहर ज्या बेटावर आहे त्याचे नाव खरे, पण ओआहू कंपनी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडची. ती गिटारचे धडे आणि नोटेशन विकायची आणि वाद्ये दुसऱ्या कारखान्यांकडून बनवून घ्यायची. त्यांतला एक मोठा कारखाना शिकागोचा व्हॅल्को. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेला हा कारखाना १९६८ साली बुडाला. नॅशनल आणि सुप्रो ही त्याची स्वतःची नावे. त्यामुळे नाव ओआहू, पण कान, बटणे, आतली वायरिंग हुबेहूब सुप्रोची, असे वाद्य निघाले तर कोणी फसवले असे समजू नका. व्हॅल्कोच्या वाद्यांवर डोक्याच्या मागे नंबराची छोटी धातूची पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकलेली असते. ती निघालेली असली तरी खिळ्यांची भोके उरतात. रंग खरवडून ती भोके बुजवू नयेत.

'रिकनबाकर' हे नाव इंग्रजीत कसे लिहिले आहे ते अक्षर-अक्षर पाहावे. सुरुवातीच्या वाद्यांवर शेवटच्या भागात 'सीएच' आहे, १९५० च्या आसपासपासून 'सीके' दिसू लागते. या कारखान्याचे अख्खे ॲल्युमिनियमचे 'फ्राइंग पॅन' हे १९३२ साली बाजारात आलेले पहिले यशस्वी विजेचे गिटार. कंपनी तेव्हा रो-पॅट-इन नावाची होती, १९३४ साली इलेक्ट्रो स्ट्रिंग झाली. ए-२२ या मॉडेलची वाजती लांबी साडेबावीस इंच, ए-२५ ची पंचवीस. १९३५ पासून काळ्या बेकेलाइटचे मॉडेल आले. त्याच्या अंगावरच्या पत्र्याच्या झाकण्या आधी क्रोमच्या असत, पुढे पांढऱ्या रंगाच्या झाल्या. तारांवरून कमानीसारखे गेलेले घोड्याच्या नालाचे दोन चुंबक ही त्याची खूण. या चुंबकांची रुंदी दुसऱ्या महायुद्धाआधी दीड इंच होती, युद्धानंतर सव्वा इंच झाली. पाव इंचाचा हा फरक साध्या फूटपट्टीने कळतो, म्हणून नंबर शोधण्याआधी चुंबक मोजावा. या पिकअपचे, म्हणजे तारेचा कंप विजेत बदलणाऱ्या भागाचे, पेटंट जॉर्ज बोशाँ यांना १० ऑगस्ट १९३७ रोजी मिळाले, क्रमांक २०८९१७१. नावपट्टीवर हा आकडा असेल तर ती नावपट्टी त्या दिवसानंतरची. किती नंतरची हे मात्र त्यावरून कळत नाही, कारण पेटंटचे आकडे पुढे कित्येक वर्षे तसेच छापले जातात. जाहिरातीतले 'अस्सल १९३७' बहुतेक वेळा इथूनच जन्माला येते.

गिब्सनची गोष्ट जास्त सोपी, आणि म्हणून जास्त फसवी. युद्धाआधी नाव तिरक्या, हस्ताक्षरासारख्या अक्षरांत असे. १९४७ च्या सुमारापासून ठोकळेबाज अक्षरे आली. १९३५ ते १९४२ या काळातल्या बऱ्याच वाद्यांवर कारखान्याच्या ऑर्डरचा ठसा असतो आणि त्यातले पहिले इंग्रजी अक्षर वर्ष सांगते. ए म्हणजे १९३५, बी म्हणजे १९३६, याच क्रमाने एच म्हणजे १९४२. दुसरे अक्षर नाममुद्रेचे: जी गिब्सनचे, के कॅलमझूचे. त्यानंतर ई असेल तर वाद्य विजेचे. ठसा उथळ असतो आणि वर लॅकर चढलेला असतो. समोरून उजेड मारला तर काही दिसत नाही. खोली अंधारी करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरावी, अक्षरे सावलीत उठून येतात. ठसा उमटवायला वर पावडर, खडू, हळद काहीही चोळू नये. लॅकरच्या भेगांत गेलेली हळद पुन्हा निघत नाही. युद्धानंतरच्या बीआर-९ या स्वस्त मॉडेलचा काळ १९४७ ते १९५९. आणि हो, 'गिव्हसन' ही गिब्सन नव्हे. ती भारतीय नाममुद्रा आहे. इंग्रजीत 'बी'च्या जागी 'व्ही' आहे, एवढे पाहिले तरी पुरे.

फेंडरची सुरुवात १९४६ ची. त्याआधी १९४५ मध्ये लिओ फेंडर आणि डॉक कॉफमन यांची 'के अँड एफ' ही वाद्ये थोडा काळ बनली. शिंपल्यासारख्या चमकत्या प्लॅस्टिकने मढवलेले चॅम्पियन १९४९ मध्ये आले आणि १९५५ मध्ये त्याची जागा चॅम्पने घेतली. फेंडरच्या वाद्यांत आतल्या खाचेत शिसपेन्सिलीने लिहिलेली तारीख कधीकधी सापडते. असली तर तिच्याइतका सरळ पुरावा नाही. म्हणून खाचेतली धूळ ओल्या फडक्याने पुसायची नाही, मऊ कोरड्या ब्रशने झटकायची.

नाव कोणतेही असो, खरी माहिती झाकणीच्या आत आहे. लागणारे सामान थोडे: खाचेत घट्ट बसेल असा स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, व्हर्नियर, टॉर्च, छोटा आरसा आणि मोबाइलचा कॅमेरा. झाकणी उघडण्याआधी सहा-आठ फोटो काढा. प्रत्येक स्क्रू कागदावर वाद्याचा आकार काढून त्याच जागी चिकटपट्टीने लावा. एका खाचेचे आणि फुलीचे स्क्रू मिसळलेले असतील तर तेही टिपा. फुलीच्या स्क्रूचे पेटंट १९३६ चे, आणि वाद्यांत तो सर्रास येईपर्यंत १९५० चे दशक उजाडले. चार स्क्रू खाचेचे आणि एकच फुलीचा, तोही नवा चकचकीत, म्हणजे ती झाकणी आधी कोणीतरी उघडलेली आहे. अडकलेला स्क्रू आधी केसभर आवळायचा, मग सोडायचा. दुकानात सोल्डरिंगची इस्त्री टेकवून तो गरम करतात, ती युक्ती इथे बिलकुल नको. शिंपल्यासारखे दिसणारे ते मढवण सेल्युलॉइडचे असते, आणि सेल्युलॉइड भडका घेते. हस्तिदंत तपासायची तापलेली सुई त्याला लावण्याचा मोह तर अजिबात नको. त्याची ओळख साधी आहे: न दिसणाऱ्या कोपऱ्यावर अंगठा जोरात घासा, कापराचा वास येतो. बेकेलाइट असेल तर दवाखान्यातल्या फिनेलसारखा उग्र वास येतो.

झाकणी निघाली की व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटची पाठ किंवा कड पाहा. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकी पॉटवर सहा किंवा सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्याचे: ३०४ स्टॅकपोल, १३७ सीटीएस, १३४ सेंट्रलॅब. शेवटचे दोन आकडे आठवड्याचे, म्हणजे ०१ ते ५२. मधला एक किंवा दोन आकडे वर्षाचे. समजा आकडा ३०४६३१ आहे. स्टॅकपोलचा पॉट, वर्षाचा शेवटचा आकडा ६, एकतिसावा आठवडा. म्हणजे १९४६ चा ऑगस्ट किंवा १९५६ चा. दहा वर्षांचा हा घोळ पॉट सोडवत नाही. तो नावाची अक्षरे, स्क्रू आणि मॉडेलचा काळ सोडवतात. चॅम्प असेल तर १९४६ आपोआप बाद, कारण चॅम्प तेव्हा नव्हताच. सात आकड्यांच्या खुणेत हा प्रश्न येत नाही: १३७६६१२ म्हणजे सीटीएस, १९६६, बारावा आठवडा.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की पॉटवरची तारीख पॉट बनल्याची असते, वाद्य बनल्याची नव्हे. कारखान्यात पॉट महिने-महिने पडून राहत. फेंडरने १९६६ साली घेतलेला सीटीएसचा मोठा साठा पुढे काही वर्षे वापरात होता. म्हणून '१९६६ चा पॉट' याचा अर्थ 'वाद्य १९६६ च्या आधीचे नाही' एवढाच. दुसरा खळगा जास्त खोल, तो म्हणजे बदललेला पॉट. मूळ डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, ओळखायला शिकले की तो टाळता येतो. कारखान्यातला डाग पातळ, एकसारखा पसरलेला असतो आणि वर्षांनी करडा, निस्तेज होतो. घाईने दिलेला नंतरचा डाग गोळ्यासारखा असतो, भोवती तपकिरी राळ उकळून वाळलेली असते, शेजारच्या वायरचे कापडी वेष्टण करपलेले असते. वायरही पाहा. जुन्या कामात कापडी वेष्टणाची वायर असते. त्यांच्यात एकच लाल किंवा हिरवी प्लॅस्टिकची वायर दिसली तर ती जिथे जोडली आहे तो भाग संशयित. आकडे वाचता येत नसतील तर कापसाच्या काडीवर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त पॉटच्या पत्र्यावर फिरवा. लॅकरला लागू देऊ नका आणि पॉलिश पेपर तर जवळही आणू नका. ठसा खोल नसतो, दोनदा घासला की गेला.

आत मेणाच्या कागदाचा सिगारेटच्या तुकड्याएवढा कपॅसिटर असेल तर तो तसाच राहू द्या. 'जुना आहे, गळला असेल' म्हणून दुरुस्तीवाले तो सवयीने काढतात. अँप्लिफायरच्या बाबतीत ते योग्य आहे, कारण तिथे त्याच्यावर शेकडो व्होल्ट असतात. गिटारच्या आत बॅटरी नाही की वीज नाही. तिथे तो टोनचे काम पुढेही करत राहतो, आणि वयाचा एक साक्षीदारही टिकतो.

पॉटवर आकडे नाहीत, दांडा ६.३५ मिलिमीटरऐवजी नेमका ६ मिलिमीटर भरतो आणि स्क्रू मिलिमीटरच्या आट्याचे आहेत, तर अमेरिका सोडून जपानकडे पाहा. ग्वायाटोन आणि टेस्को ही तिथली दोन मोठी नावे. टेस्कोची सुरुवात १९४६ ची, १९६७ मध्ये ती कावाईकडे गेली. कुठे 'ऑक्युपाइड जपान' असे छापलेले असेल तर तो भाग १९५२ च्या आधीचा, कारण अमेरिकी ताबा त्या वर्षी एप्रिलमध्ये संपला. अंग सागवानाचे असेल तर वाद्य बहुधा आपल्याच देशातले. अमेरिकी कारखाने मेपल, महोगनी, ॲश अशी लाकडे वापरत. देशी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. मुंबई-कोलकात्याच्या कारागिरांनी बनवलेल्या या वाद्यांची कुठे यादीच नाही, म्हणून त्यांच्या आतले फोटो परदेशी वाद्यांहून जास्त मोलाचे आहेत.

रंगासाठी एक सोपी चाचणी आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा घ्या. ज्या शहरात नोटा छापतात तिथे तो मिळायला अडचण नसावी. अंधारात तो जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर धरला की पिवळट-हिरवी झाक दिसते. पुन्हा रंगवलेला किंवा डागडुजी केलेला भाग वेगळा, बहुधा काळसर ठिपका दिसतो. नाव जिथे आहे तिथेच असा ठिपका असेल तर नाव नंतर लावले असण्याची शक्यता धरून चाला.

पिकअप जिवंत आहे का, हे झाकणी न उघडताही कळते. वायर लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा आणि प्लगचे टोक व अंग यांना दोन काड्या लावा. पुष्कळ पिकअप ५ ते १० किलोओहम दाखवतात. पॉट समांतर असल्याने आकडा किंचित कमी येतो: ८ किलोओहमची पिकअपची गुंडाळी २५० किलोओहमच्या पॉटसह पावणेआठ दाखवेल. मीटर त्या पट्ट्यात काहीच दाखवत नसेल तर वरचा पट्टा लावा. तिथे २५० किंवा ५०० किलोओहमच्या आसपास आकडा आला तर गुंडाळी तुटलेली आहे आणि तुम्ही नुसता पॉट मोजत आहात. आकडा नाचत असेल तर पॉट वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवून पुन्हा मोजा. तुटलेल्या गुंडाळीवर पुन्हा तार गुंडाळता येते, म्हणून पिकअप फेकू नका. नालाच्या चुंबकाचा असेल तर चुंबक सुटे करून ठेवू नका. जुन्या पोलादाचे ते चुंबक एकमेकांपासून लांब ठेवले की कमजोर होतात. काढावेच लागले तर दोन्ही टोकांवर लोखंडी पट्टी आडवी ठेवावी.

गोदाकाठच्या घरांसाठी वेगळे सांगायला हवे. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढले की सराफ बाजारात काय होते हे नाशिककरांना सांगायला नको. १९६९ आणि २००८ चे पूर पाहिलेल्या घरातले वाद्य असेल तर पेटीच्या अस्तरावर पाण्याची आडवी रेघ आणि स्क्रूच्या खाचांत गाळ सापडतो. त्या गाळात ओल धरून राहते आणि केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेवर हिरवे चढते. गुंडाळी तुटण्याचे हे मोठे कारण. असे वाद्य उन्हात वाळत घालू नये. सेल्युलॉइड आकसते, सरस सुटतो. सावलीत, पंख्याच्या लांबच्या वाऱ्यात आठ-दहा दिवस, पेटीबाहेर. कानांची बटणे भुगा होत असतील आणि पेटी उघडताच नाकाला झोंबणारा आंबूस वास येत असेल तर सेल्युलॉइड कुजू लागले आहे. त्याची वाफ शेजारचा पत्रा खाते. अशी बटणे काढून कागदाच्या पाकिटात वेगळी ठेवा, टाकू नका, त्यांचा आकार नवी शोधताना लागतो. चिंच, राख किंवा पितळ घासायची पावडर कुठल्याच पत्र्यावर नको. समई आणि गिटारचा निकेल मुलामा यांत फरक आहे. मुलामा एकदा गेला की खालचे पितळ दिसते आणि तो पत्रा मूळचा आहे की नंतरचा, हेही कळेनासे होते.

वाद्यासोबत तसाच मढवलेला छोटा अँप्लिफायर असेल तर हात आवरा. तो ११० ते १२० व्होल्टचा असतो, आपली वीज २३० ची. प्लग लावला की ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि त्या काळच्या काही स्वस्त संचांत ट्रान्सफॉर्मरच नसतो, पत्र्याच्या सांगाड्यावर थेट घरची वीज येते. सोबत वायरने जोडलेली गिटार मांडीवर आणि हातात पोलादी दांडी: झटका कुठून जाईल ते वेगळे सांगायला नको. व्हॉल्व्हचे काम जाणणाऱ्याकडून जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून, तीन काड्यांची वायर घालून, स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवरच तो चालवावा. वय मात्र बंद असतानाही कळते: स्पीकरच्या चौकटीवर तसाच आकडा असतो, २२० जेन्सनचा, ४६५ ऑक्सफर्डचा, २८५ रोलाचा. पुढचे वाचन पॉटसारखेच. गिटार आणि अँप्लिफायरच्या तारखा दोन-तीन वर्षांत असतील तर जोडी मूळची धरायला हरकत नाही.

तारा. सापडल्या दिवशीच नवा संच ताणून 'वाजते का बघू' हा उत्साह घोडी उपटतो आणि जुन्या कानांचे दात मोडतो. खालून वर मी-ला-मी-ला-दो चढा-मी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत ई, ए, ई, ए, सी शार्प, ई, ही जुळणी ठेवायची असेल तर बाजारातला ०.०११ चा (पहिली तार ०.०११ इंच जाडीची) साधा गिटारचा संच चालतो. त्यात सहावी, पाचवी आणि पहिली तार नेहमीच्याच सुरात राहते, मधल्या तीन तारा एक पूर्ण स्वर वर जातात. एक स्वर वर चढवले की ताण सव्वापट होतो, पण साडेपंचवीस इंचाच्या ऐवजी साडेबावीस इंच लांबी असल्याने तो बावीस टक्क्यांनी उतरतो. हिशेब जवळजवळ फिटतो. दुसरी जुळणी ए, सी शार्प, ई, ए, सी शार्प, ई अशी आहे. तिला तोच संच लावला तर सहावी तार ई वरून ए पर्यंत ओढली जाते आणि लांबी कमी असूनही तिचा ताण जवळजवळ चाळीस टक्के वाढतो. जुनी घोडी सुटते ती याच तारेखाली. तिथे पाचवी-सहावीला बारीक तारा सुट्या घ्याव्यात. पहिल्या दिवशी सगळ्या तारा दोन स्वर खाली ठेवून रात्रभर सोडाव्यात आणि सकाळी घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का पाहावे. सरकला तर तारा उतरवा.

एवढे झाल्यावर सापडलेल्या गोष्टींची एक चिठ्ठी पेटीत ठेवावी. तिच्यात आधी पुरावा, मग वर्ष. उदाहरणार्थ: 'चॅम्पियन. वाजती लांबी ५७१ मिमी. व्हॉल्यूम पॉट ३०४०२२, डाग मूळचे. टोन पॉट बदललेला, आकडा नाही. झाकणीचे चारही स्क्रू एका खाचेचे. खाचेत पेन्सिलीची खूण नाही. पिकअप ७.४ किलोओहम. १९५० च्या जूनआधीचे नाही, १९५५ नंतरचे नाही.' सोबत आतले दोन फोटो छापून. विकायचे असेल तर घेणाऱ्याला हीच चिठ्ठी दाखवा, आणि घ्यायचे असेल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडे पॉटच्या पाठीचा फोटो मागा.

आपला,
जुन्या तंतुवाद्यांची दुरुस्ती करणारा एक वाचक,
नाशिक